कळावे

१

जुने मेल आपोआप आर्काइव्हमध्ये टाकायची यंत्रणा बसवा, असा हुकूम सोमवारी सकाळी आला आणि मेलबाईच्या डोक्यात तिडीक गेली. राग कामाचा नव्हता. चौदा वर्षं ती या कंपनीचे मेल सांभाळत होती. कुणाचा मेलबॉक्स तुंबला, कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाला नको त्या पत्रांचा उपद्रव झाला, की पहिला फोन तिला. म्हणून तर नाव पडलं मेलबाई. घरी धाकटा भाऊ त्याचं मुद्दाम 'मेलीबाई' करायचा आणि पाठीत धपाटा खायचा. राग होता तो हुकुमाखालच्या सहीचा.

सही देखभाल विभागाच्या मुख्यांची. या माणसाला अख्खी कंपनी पाठीमागे 'नंतरसाहेब' म्हणे. काहीही घेऊन जा, उत्तर ठरलेलं: ठेवा, नंतर बघू. पंखा पडायला आलाय, नंतर. नळ गळतोय, नंतर. अकरा महिन्यांपूर्वी मागच्या बाजूच्या मालाच्या लिफ्टचा ब्रेक घसरला आणि लिफ्टखालच्या खड्ड्यात काम करणारा मेकॅनिक जागीच गेला. तो मेलबाईचा धाकटा. चौकशी झाली, आणि चौकशीच्या कागदावर दोन ओळी उमटल्या. ब्रेकच्या दोषाची लेखी सूचना मेकॅनिकने कुणालाही दिली नव्हती. अपघात त्याच्याच निष्काळजीपणाने झाला.

तो कागद आईने कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. दर चार दिवसांनी काढायची, वाचायची, आणि म्हणायची, "निष्काळजी म्हणे. चपलासुद्धा ओळीत लावणारं पोर माझं."

हुकूम असा होता. सहा महिन्यांपेक्षा जुना प्रत्येक मेल रोज दुपारी एक वाजता मेलबॉक्समधून उचलला जाऊन आर्काइव्हच्या कोठारात पडेल. पहिला आठवडा चाचणी, तीही फक्त देखभाल विभागावर. आणि शुक्रवारी एकच्या फेरीनंतर, चाचणीत गोळा झालेलं सगळं कायमचं पुसायचं.

तिने फोन लावला. "पुसायचं कशाला साहेब? आर्काइव्ह ठेवण्यासाठी असतं."

"चाचणीच आहे ना, बाई. उगाच जागा अडते."

"नवा नियम मी आधी माझ्या मेलबॉक्सवर चालवून बघते, मग दुसऱ्याला लावते. चौदा वर्षांची पद्धत आहे माझी."

"तुमचं नंतर बघू. आधी आमचं करा."

तिने फोन आपटला. ज्या माणसाला आयुष्यात कशाची घाई झाली नाही, त्याला आज पुसायची घाई झाली होती. म्हणजे पुसण्यासारखं काहीतरी होतं. दुसऱ्याचा मेल उघडायची तिला परवानगी नव्हती, पण यंत्रणा रोज यादी देणार होती: कुणी पाठवला, विषय काय, तारीख काय. तेवढं तिला पुरेसं होतं. शुक्रवारपर्यंत पाच दिवस होते.

२

सर्व्हर रूम दुसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेली. तिची मागची भिंत आणि मालाच्या लिफ्टची भिंत एकच. लिफ्ट वरखाली झाली की भिंत घुमायची, आणि अकरा महिने मेलबाई त्या आवाजाला मनातल्या मनात शिव्या घालत काम करत होती. जागा बदलून मागितली होती. उत्तर काय आलं असेल ते सांगायला नको.

एक वाजला. यादी पडद्यावर सरकू लागली. नंतरसाहेबांच्या मेलबॉक्समधून दोन हजारांवर मेल निघाले, ते सगळे इनबॉक्समधले, आमंत्रणं आणि सूचना. शेवटी एक फोल्डर आलं. नाव: नंतर.

"वा," ती मोठ्याने म्हणाली. "नावाला शोभेल असं."

फोल्डरात वर्कशॉपची जुनी पत्रं, रंग उडाला, नळ गळतो, आणि तळाशी मालाच्या लिफ्टचे एकशे अठ्ठावन्न मेल. पाठवणारा सगळ्यांचा एकच, वर्कशॉप. सात मेकॅनिकांत मिळून एक कॉम्प्युटर आणि एकच पत्ता होता, आणि जागा कमी म्हणून पाठवलेले मेल दर आठवड्याला आपोआप उडायचे. त्यामुळेच धाकट्याच्या मागे त्याच्या हातचं काही सापडलं नव्हतं. लिफ्टच्या पहिल्या मेलचा विषय: मालाची लिफ्ट, ब्रेक घसरतो. तारीख अपघाताच्या नऊ दिवस आधीची.

मेलबाईला हुंदका फुटला आणि त्याच दमात तोंडातून एक शिवीही गेली. लिहिलं होतं. पोराने लिहिलं होतं, आणि या माणसाने ते फोल्डरात कोंबून चौकशीत खांदे उडवले होते. खाली स्मरणपत्र एक. स्मरणपत्र दोन. स्मरणपत्र तीन, अपघाताच्या आदल्या दिवशीचं.

मग स्मरणपत्र चार. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीचं.

तिने डोळे पुसून परत वाचलं. पाच, सहा, सात. रोज एक, सुट्टीच्या दिवशीही. विषय तोच, आकडा एकाने पुढे. यादीच्या तळाशी स्मरणपत्र १५७, आणि तारीख बरोबर सहा महिन्यांपूर्वीची. तारखा बिघडल्या असतील, ती स्वतःला म्हणाली. सर्व्हरचं घड्याळ सरकलं असेल. तिने घड्याळ तपासलं. ते एक मिनिटही पुढे-मागे नव्हतं.

तेवढ्यात मागच्या भिंतीत आवाज झाला. लोखंडावर लोखंड. ठक्, ठक्. दोनच.

३

मंगळवारी यादीत 'नंतर' फोल्डरातून एकच मेल आला. स्मरणपत्र १५८. भिंतीत दोन ठोके पडले, तेही एक वाजताच. मेलबाई तडक उठली आणि वर्कशॉपमध्ये गेली. कुणीतरी तिच्या भावाच्या नावाने खेळ करत होतं, आणि त्याचा कान धरल्याशिवाय ती परत येणार नव्हती.

वर्कशॉपमध्ये फोरमन एकटा डबा खात होता. म्हातारा, निवृत्तीला आलेला, धाकट्याला हाताखाली घेऊन शिकवलेला. तिला बघून तो अर्धवट उठला.

"इथून मेल कोण पाठवतं?" तिने विचारलं.

"मेल? आता कुणी नाही, बाई. त्या दिवसानंतर आम्ही लिहायचंच सोडलं. लिहून काय उपयोग झाला?"

"मालाच्या लिफ्टची स्मरणपत्रं पाठवतंय कुणीतरी. रोज."

फोरमनने कोपऱ्याकडे हनुवटी केली. कॉम्प्युटर तिथेच होता. वर फडकं, फडक्यावर धुळीचा थर. तिने मागे हात घालून पाहिलं. वायर भिंतीपाशी कापलेली होती आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. की-बोर्ड नव्हताच.

"चौकशीवाल्यांनी नेला तो, परत दिलाच नाही," फोरमन म्हणाला. "पत्र लिहावं तर तुझ्या भावाने. तारीख, विषय, महोदय, सगळं रीतसर. आमचा जुना कारकून होता ना, त्याने सगळ्यांनाच शिकवलं होतं. शेवटी 'कळावे' लिहिल्याशिवाय पत्र पुरं होत नाही म्हणायचा. वरचे लोक हसायचे आम्हाला. पण आम्ही सगळे लिहायचो."

"आत्ता एक वाजता खड्ड्यात कोण होतं?"

"एक वाजता? जेवणाची सुट्टी असते."

"मी ठोके ऐकले. दोन."

फोरमनचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "दोन म्हणजे, मी खाली आहे, लिफ्ट हलवू नका. खाली उतरलेला माणूस पान्याने देतो. वरच्या माणसाने एक ठोका द्यायचा. एक म्हणजे, कळलं. आणि ज्याने 'कळलं' दिलं त्याने खालचा माणूस वर येईपर्यंत दारातून हलायचं नाही. कुणी काही म्हणो." त्याने डब्याचं झाकण लावलं. "त्या दिवशी वरच्या माणसाला दुसऱ्या कामावर पाठवलं होतं. साहेबांनी."

मेलबाई जिना चढताना प्रत्येक पायरीवर पाय आपटत गेली. भीती वाटत होती, पण भीतीला वेळ द्यायची तिची तयारी नव्हती.

४

संध्याकाळी आईने नेहमीसारखे तीन कप बाहेर काढले आणि एक परत आत ठेवला.

"काही सापडलं का गं?"

"सापडेल. शुक्रवारपर्यंत सापडायलाच हवं."

आई समोर बसली. ते टेबल छोटं, भिंतीला टेकवलेलं. तिसरी खुर्ची धाकट्याची. मेलबाईला तिकडे बघवत नसे, कारण तिकडे पाहिलं की ते एक जेवण आठवायचं. धाकटा त्या दिवशी हात धुऊन बसला होता. पहिल्या बोटाला निळी इन्सुलेशन टेप, कायम असायची, तिथली जखम कधी भरू देतच नसे. चमच्याने ताटावर दोन ठोके देऊन म्हणाला होता, "ताई, ऐक ना. मालाच्या लिफ्टचं एक सांगायचंय. साहेब काही..."

आणि ती फाडकन म्हणाली होती, "कामाचं घरात नको. दिवसभर तेच करून येते मी. लेखी दे. मेल कर, उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी मेल आला नाही. त्यानंतरही आला नाही. चौकशीत तिला विचारलं, भावाने तुम्हाला काही लिहिलं होतं का? ती खरं तेच बोलली. नाही. कागदावरच्या 'कुणालाही' या शब्दात तिचीही साक्ष होती. म्हणून तर सगळ्या रागाच्या तळाशी थोडा राग त्याच्यावरही होता. एवढं सांगितलं होतं, लिहायला काय झालं होतं तुला? पत्राशिवाय पाणी न पिणारा तू.

"तू त्याला ओरडली होतीस त्या दिवशी," आई म्हणाली. आवाजात दोष नव्हता, तेच जास्त लागलं. "पण लिहिलं असणार त्याने. तुझं ऐकायचा तो."

५

बुधवारी १५९. गुरुवारी १६०, आणि ठोके आता भिंतीच्या अगदी जवळून, तिच्या खुर्चीच्या पाठीमागून. दोन. मग तेवढी शांतता, जेवढ्यात कुणी उत्तर द्यावं. मग लिफ्टची घरघर, खाली जाणारी.

मेलबाई यादीचे छापील कागद घेऊन नंतरसाहेबांच्या खोलीत शिरली. दार वाजवलं नाही.

"एकशे एकसष्ट पत्रं," ती म्हणाली आणि कागद त्यांच्या पुढ्यात टाकले. "पहिली चार त्याने जिवंतपणी लिहिलेली. आणि तुम्ही चौकशीत शपथेवर सांगितलंत, एकही आलं नाही."

नंतरसाहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. चष्मा लावून त्यांनी यादी वाचली. "मी यातलं एकही पाहिलेलं नाही, बाई. हे फोल्डरही माझं नाही."

"मग उघडा मेलबॉक्स. माझ्यासमोर."

त्यांनी उघडला. फोल्डरांच्या यादीत अगदी तळाला ते होतं, नंतर, आणि त्यात गेल्या सहा महिन्यांचे मेल, आर्काइव्हच्या वयाला न आलेले. सगळ्यांवर 'वाचलेलं' अशी खूण. साहेबांनी सगळ्यात वरचा उघडला. तो त्याच दिवसाचा होता.

*महोदय, विषय: मालाची लिफ्ट. खाली आहे. दोन ठोके दिले. वरून उत्तर नाही. एक वाजता लिफ्ट खाली येते. रोज येते. तरी कृपया वर माणूस द्यावा. कळावे.*

नंतरसाहेबांनी हात माऊसवरून काढून घेतला. "कुणाचा तरी चावटपणा आहे," ते म्हणाले. "उद्या पुसायचंच आहे सगळं."

"तुम्ही वाचलेली खूण आहे."

"मी वाचलं नाही. सांगतोय ना."

"मग इथे आली कशी पत्रं? पाय फुटले?" तिने त्यांना खुर्चीतून जवळजवळ उठवलं आणि नियमांचं पान उघडलं. मेलबॉक्सचा नियम खोटं बोलत नाही. काय केलं, कुणी केलं, कधी केलं, सगळं तिथे नोंदलेलं असतं. या माणसाचं नाव तिला तिथे हवं होतं. आईपुढे ठेवायला हवं होतं.

नियम एकच होता. *मजकुरात 'कळावे' हा शब्द असल्यास मेल 'नंतर' फोल्डरात हलवा. वाचलेलं अशी खूण करा.* खाली तीन वर्षांपूर्वीची तारीख. त्याखाली नियम करणाऱ्याचं नाव.

नाव तिचं होतं.

तेव्हा आठवलं. महिन्याला शंभर जणांचे शंभर नियम ती लावायची, त्यातला हा एक. साहेब तेव्हा वैतागून म्हणाले होते, वर्कशॉपवाले रोज चार पत्रं पाडतात, रंग उडाला, नळ गळतो, बाजूला काढा, नंतर बघतो. पण त्याच पत्त्यावरून हजेरीही यायची आणि ती त्यांना समोर हवी होती. म्हणजे पत्ता अडवून चालणार नव्हतं. मग तिने दहा-बारा पत्रं चाळली आणि सगळ्यांत सारखा असलेला शब्द शोधून काढला. हजेरीत तो नव्हता. वरच्या कुणाच्याही मेलमध्ये तो नव्हता. फक्त वर्कशॉपवाले लिहायचे. आपल्या हुशारीवर ती त्या दिवशी खूश झाली होती. 'नंतर' फोल्डरात कुणी डोकावतं का, हे तिने कधी पाहिलं नाही. साहेबांनीही नाही.

"तुम्हीच केलंत, बाई," नंतरसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि त्या सुटकेसाठी ती त्यांना कधीच माफ करणार नव्हती. "मी फक्त त्रास कमी करा म्हटलं होतं."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. चौदा वर्षांची पद्धत. नवा नियम आधी स्वतःवर.

६

तिच्या मेलबॉक्समध्ये साठ-सत्तर फोल्डरं होती, एकात एक कोंबलेली. ते शोधायचं धैर्य तिला शुक्रवारी दुपारी साडेबाराला आलं. 'चाचणी' नावाच्या फोल्डराच्या पोटात, तीन वर्षं न मिटवलेला नियम, आणि त्याखाली: नंतर.

आत अपघातानंतरची तीच स्मरणपत्रं, तिलाही आलेली. सगळ्यात तळाचा मेल उघडला. तारीख त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवसाची, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. विषय: ताई.

*ताई, लेखी दे म्हणालीस म्हणून लिहितो. ब्रेक घसरतोय. साहेबांना पत्र दिलंय, उत्तर नाही. तू वर असतेस, त्यांच्या कानावर घालशील का? मी उतरणार नाही म्हटलं तर माझ्यावर कामचुकार म्हणून शेरा मारतील. घरी बोलत नाही, तू चिडतेस. कळावे.*

तिने टेबलावर इतक्या जोरात मूठ मारली की की-बोर्ड उडाला. रडू आलं नाही. राग आला, आणि आता तो आपटायला समोर दुसरं कुणी नव्हतं. अकरा महिने आईच्या तोंडावर ती म्हणत होती, मला नाही लिहिलं त्याने.

मग तिने कामं केली, एकामागून एक. दोन्ही मेलबॉक्समधला नियम काढला. एकच्या फेरीनंतरचं पुसणं रद्द केलं. कोठारातून, परवानगी न विचारता, धाकट्याचं पहिलं पत्र काढून नव्या मेलला जोडलं, तीन स्मरणपत्रं जोडली, तिला आलेलं पत्र जोडलं, आणि नियमाचं पान जोडलं, नाव झाकलं नाही. चौकशी अधिकाऱ्याला, नंतरसाहेबांना, कंपनीतल्या प्रत्येकाला. वर लिहिलं: त्याने लेखी दिलं होतं. नियम मी केला. फोल्डर दोघांपैकी कुणीच उघडलं नाही. शेवटी लिहिलं, कळावे. आणि पाठवला. आईला ती संध्याकाळी तोंडाने सांगणार होती.

एक वाजायला एक मिनिट असताना तिच्या इनबॉक्समध्ये, अगदी समोर, न वाचलेला, ठळक अक्षरांत मेल आला. स्मरणपत्र ३४१. तिने उघडला नाही. काय असणार ते माहीत होतं, आणि त्याचं उत्तर मेलने द्यायचं नव्हतं.

ती बोळाच्या टोकाला मालाच्या लिफ्टच्या दारापाशी गेली. लोखंडी दार, मधोमध बोटभर फट. लिफ्ट वर कुठेतरी उभी. खालून आवाज आला, स्पष्ट, संयमाने दिलेला. ठक्, ठक्.

कॉम्प्युटरच्या पेट्या उघडायचा पाना तिच्या खिशात होता. तिने तो काढून दारावर एकदाच मारला.

अकरा महिन्यांनी कुणीतरी 'कळलं' म्हटलं होतं. खाली काहीच हललं नाही. मग शिडीच्या लोखंडी पायरीवर पाय पडल्याचा आवाज आला. थांबला. मग पुढची पायरी. हे पाण्याच्या पाइपांचं असेल, तिच्या डोक्याचा एक भाग म्हणाला. तिने त्याला गप्प बसवलं. दार सोडायचं नव्हतं. आणि खड्ड्याची शिडी तळमजल्यापाशी संपते हे तिला ठाऊक होतं. पायऱ्यांचा आवाज संपत नव्हता.

मागून बुटांचा आवाज आला. नंतरसाहेब, हातात फोन, चेहरा लालबुंद. मेल पोचला होता.

"काय चालवलंय काय तुम्ही? संचालकांनी वर बोलावलंय मला, ताबडतोब. पुढची लिफ्ट अडकलीय. व्हा बाजूला." त्यांनी बटणाकडे हात नेला.

मेलबाईने बटणावर पंजा ठेवला. "खाली माणूस आहे."

"कोण माणूस? जेवणाची सुट्टी आहे. बाई, मला घाई आहे, हात काढा."

वर दोर करकरला. लिफ्टला आजही एक वाजता खाली यायचं होतं, आणि ती येत नव्हती. फटीतून गार हवा आली, ग्रीसच्या वासाची. मेलबाईने खाली पाहिलं. दाराच्या फटीत, उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर, चार काळवंडलेली बोटं आतून येऊन टेकली होती. पहिल्या बोटाला निळी टेप होती.

साहेबांनी तिचा दंड धरला. "ऐकू येतंय का तुम्हाला? आत्ता जायचंय मला."

"नंतर," ती म्हणाली, आणि दारातून हलली नाही.